तराजूताईंची यादी

तराजूताई कॉम्प्युटरचे भाग तोलून घ्यायच्या. अलंकारिक अर्थाने नव्हे, खरोखरच्या तराजूत. वर्तकनगरात त्यांच्या बिल्डिंगखाली एक कांदेबटाटेवाला बसायचा. बाजारातून आणलेला पॉवर सप्लाय, म्हणजे कॉम्प्युटरच्या आत बसून सगळ्या भागांना वीज पुरवणारा पत्र्याचा चौकोनी डबा, ताई त्याच्या एका पारड्यात ठेवत आणि दुसऱ्या पारड्यात एक किलोचं आणि एक पावाचं वजन टाकायला लावत. डब्याचं पारडं खाली गेलं तर डबा घरात. वर राहिलं तर दुसऱ्या दिवशी तो परत बाजारात. लोक बघून हसायचे. तराजूताई हे नाव त्या हसण्यातूनच आलेलं आहे, कौतुकातून नव्हे. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मीही हसलो होतो. आता कोणी हसलं की माझं डोकं फिरतं, आणि बायको मला वयाची आठवण करून देते.

त्या तोलण्यात वेडेपणा काही नव्हता. त्या काळात बाजारात एकाच लेबलाचे दोन डबे मिळायचे. दोन्हींवर अडीचशे वॅट लिहिलेलं. एकाच्या आत भरपूर तांबं आणि ॲल्युमिनियमच्या जाड पट्ट्या, दुसऱ्याच्या आत नुसती हवा. साधं पत्रलेखन करायचं असेल तर दुसरा डबाही चालून जायचा. पण गेम सुरू झाला, पडद्यावरची चित्रं काढणारं कार्ड आणि प्रोसेसर दोन्ही एकदम वीज मागू लागले, की त्याला धाप लागायची. ताई म्हणायच्या, "लेबल कोण पण छापतं रे. वजन छापता येत नाही." हे वाक्य मी नंतर माणसांनाही लावून पाहिलं, आणि बरीच माणसं हलकी निघाली. त्यांत पहिला मी होतो, ते पुढे येईलच.

ताईंनी अठरा वर्षं ठाण्यातल्या एका कारखान्यात टीव्हीच्या बोर्डांवर सोल्डरिंग केलं होतं. रोज तीनशे-साडेतीनशे टाके. टाकेच म्हणायच्या त्या, शिवणकाम असावं तसं. मग नव्वदनंतर एका सोमवारी त्या कामावर गेल्या तर गेटला कुलूप. आत जेवणाचा डबा राहिला, चष्म्याचं घर राहिलं, आत घालायची रबरी चप्पलसुद्धा राहिली, ती स्वतःच्या पैशांनी घेऊन तिथेच ठेवावी लागायची. अठरा वर्षं काम केलेल्या बाईला स्वतःची चप्पल परत मिळायला अर्ज करावा लागला. हे त्यांनी मला सांगितलं तेव्हा मी संतापून काहीतरी बोललो. त्या मात्र शांतपणे म्हणाल्या, "अर्ज केला. मिळाली नाही. मग कॉम्प्युटर शिकले." चप्पल आणि कॉम्प्युटर यांचा संबंध मला तेव्हा कळला नाही, नंतर कळला. दुसऱ्याच्या गेटच्या आत पुन्हा काही ठेवायचं नाही, असं त्यांनी ठरवलं होतं.

माझी त्यांची ओळख अठ्ठ्याण्णव-नव्याण्णवच्या सुमाराची. मी राहायला डोंबिवलीत आणि नोकरीला कोलशेतच्या एका कारखान्याच्या स्टोअरमध्ये कारकून. माझ्या मेव्हण्याचा, म्हणजे बायकोच्या धाकट्या भावाचा, ठाकुर्लीला एक गाळा रिकामा पडलेला होता. त्याचं नाव लिहीत नाही. बायको हे वाचणार आहे आणि घरात राहायचं मलाच आहे. त्याच्या डोक्यात गेम पार्लर काढायचं आलं. आठ कॉम्प्युटर, पोरं तासावर येणार, गाड्यांच्या शर्यती खेळणार, उन्हाळ्याच्या सुट्टीत गर्दी. मलाही स्टोअरच्या धुळीचा कंटाळा आलेला होता, मी हो म्हटलं. गेम चालेल असं मशीन जुळवायचं तर कुठला भाग कशाबरोबर घ्यायचा, हे आम्हा दोघांनाही ठाऊक नव्हतं. आमच्या कारखान्यातला एक फिटर म्हणाला, "वर्तकनगरला एक बाई आहे. तोंडाने फटकळ आहे, पण तिने जोडलेलं मशीन बंद पडत नाही."

मी एका रविवारी गेलो. वसाहतीतली दोन खोल्यांची जागा. पलंगावर लाकडी फळी, फळीवर उघडं मशीन, आणि ताई खिडकीच्या गजाला हात लावून उभ्या. मला वाटलं पाठ दुखत असेल. तर अंगातली वीज गजात उतरवून मगच त्या रॅमच्या पट्टीला हात लावायच्या. मी उत्साहाने एक कार्ड उचलायला गेलो तर माझ्या मनगटावर फटका बसला. "गजाला हात लाव आधी. देवळात जाताना पाय धुतोस ना?" पन्नाशीच्या जवळ आलेल्या बाईने पहिल्या दोन मिनिटांत फटका मारावा याचा मला राग आला. पण मी गजाला हात लावला. तो हात लावण्याची सवय मला अजून आहे, घरात बल्ब बदलतानाही लावतो, आणि त्याचा काही उपयोग नसतो.

गिऱ्हाईक आलं की ते आधी प्रोसेसरबद्दल बोलायचं. तीनशे मेगाहर्ट्झचा घेऊ की चारशेचा, शेजाऱ्याकडे चारशेचा आहे. ताईंना याचा मनस्वी तिटकारा. त्यांचे प्रश्न वेगळेच असत. कोणता गेम खेळणार, सलग किती वेळ, खोलीत पंखा कुठे आहे, दुपारी दिवे मंद होतात का. आणि मग यादी करायला बसत ती उलट्या बाजूने, पॉवर सप्लायपासून. "पोट आधी, डोकं नंतर," हा त्यांचा मंत्र होता. पॉवर सप्लायला त्या पोट म्हणत, मदरबोर्डला कणा, प्रोसेसरला डोकं, चित्रं रंगवणाऱ्या कार्डाला डोळे. "उपाशी पैलवान आखाड्यात उतरवायचा आणि हरला की त्यालाच शिव्या घालायच्या. असली तुमची जात," त्या म्हणत. जात म्हणजे गिऱ्हाइकांची जात. एकदा एक साहेब प्रोसेसर भारी आणि बाकी सगळं स्वस्तातलं हवं म्हणून हटून बसले, तेव्हा ताईंनी त्यांना जिन्यापर्यंत पोचवलं आणि दार लावून घेतलं. मी विचारलं, "ताई, गिऱ्हाईक गेलं की." म्हणाल्या, "जाऊ दे. मशीन जळल्यावर परत येण्यापेक्षा आत्ता गेलेलं बरं."

मशीन जोडून झालं की तपासायची त्यांची एक खास रीत होती. गाडीच्या शर्यतीचा गेम लावायचा आणि अर्धा तास गाडी मुद्दाम भिंतीवर आपटत राहायची. धूर, ठिणग्या, काचा. "सरळ चालवली की डोळ्यांना काम नसतं. आपटली की घाम फुटतो." पदर खोचलेला, चष्मा नाकावर, आणि पडद्यावर लाल गाडी धडाधड भिंतीवर. शेजारची मुलं दारात उभी राहून, "मावशी, रस्ता तिकडे आहे," म्हणून ओरडायची. ताईंना गेममध्ये काडीची गोडी नव्हती. शर्यत जिंकायची असते हेसुद्धा त्यांना ठाऊक होतं की नाही, मला शंका आहे. अर्ध्या तासाने त्या कॅबिनेटवर, म्हणजे मशीनच्या बाहेरच्या पेटीवर, तळहात ठेवायच्या, तापलेल्या पोराच्या कपाळावर ठेवावा तसा, आणि मग चारही स्क्रू आवळायच्या. बाकीचे लोक दोनच लावायचे. मला त्या बाईचं कौतुक वाटू लागलं ते तिथे.

दुसऱ्या वेळी मी मेव्हण्याला घेऊन गेलो. ही माझी चूक. ताईंनी चहा टाकला. मेव्हण्याने खोलीत नजर फिरवली, भिंतीवर बुद्धाची तसबीर होती, ती पाहिली, आणि म्हणाला, "चहा नको, आत्ताच घेतलाय." आम्ही सकाळपासून बरोबर होतो आणि आमच्यापैकी कोणीही चहा घेतलेला नव्हता. त्याच्या वाट्याचा कप ताईंनी माझ्यापुढे सरकवला आणि मी दोन्ही कप प्यायलो. तेवढंच केलं. जिना उतरताना त्याला एक शब्दही बोललो नाही. पुढे जे घडलं त्याची सुरुवात त्या न बोलण्यात आहे, असं मला वाटतं. माणूस एकदा गप्प बसला की दुसऱ्यांदा गप्प बसणं त्याला सोपं जातं.

तरीही ठरलं ते असं. भाग ताई निवडणार. आठ मशीन एकदम ताईंच्या पलंगावर जोडणं शक्य नव्हतं, म्हणून भाग आणून जोडायचं काम डोंबिवलीतल्या एका दुकानदाराला द्यायचं. ताई म्हणाल्या, "चालेल. पण माझं नाव लावायचं. सगळ्यांना दिसेल असं." त्यांना वसाहतीच्या नाक्यावरचा एक गाळा हवा होता. गाळ्याचा मालक बाईला गाळा द्यायला तयार नव्हता. तो म्हणत होता, तुमचं काम कुठे दिसतं ते दाखवा. लोकांच्या घरात टेबलाखाली ठेवलेल्या मशीनवर कोणाचं नाव दिसणार? ठाकुर्लीला आठ मशीन, वर नाव, आणि मालकाला हाताला धरून आणून दाखवायचं, एवढंच त्यांच्या मनात होतं. अठरा वर्षं त्यांनी लाखांनी टाके घातले आणि एकाही टीव्हीवर त्यांचं नाव नव्हतं. तेव्हा त्यांना काय हवं होतं हे मला पुरतं ठाऊक होतं. मला ठाऊक नव्हतं, अशी सबब माझ्याजवळ नाही.

पाटीचा मजकूर मी लिहिला. 'भागांची निवड : विमल कांबळे, वर्तकनगर.' मेव्हणा म्हणाला, "भावोजी, आडनाव कशाला? नुसतं विमलताई लिहा ना. घरगुती वाटतं." हे मी ताईंना सांगितलं. सांगायला नको होतं, पण मला वाटलं त्या हसतील. त्या हसल्या नाहीत. "घरगुती काय आहे त्यात? मी लोणची विकत नाही. आडनावासकट लाव." या वेळी मात्र मी मेव्हण्याशी भांडलो आणि आडनावासकट लावली. निळ्या पत्र्यावर पांढरी अक्षरं. गाळ्यात शिरलं की समोरच.

आता यादीचं. ताईंनी यादी कॅलेंडरच्या पानामागे मराठीत लिहून दिली होती, त्यांच्या मोठ्या, गोल अक्षरात. पहिलीच ओळ अशी होती, 'पोट : जड. सव्वा किलोच्या खाली चालणार नाही.' खाली कणा, डोकं, डोळे, आणि प्रत्येकापुढे बारीक अक्षरात खरं नाव आणि नंबर. देताना म्हणाल्या, "दुकानात तराजू घेऊन जा. लाज वाटत असेल तर निदान हातात धरून बघ. बाकी काही चुकलं तरी मशीन चालेल, पोट चुकलं तर नाही."

मी ती यादी कोलशेतला ऑफिसात नेली आणि टाइपरायटरवर इंग्रजीत उतरवून काढली. का? दुकानदार मोठा होता, काचेच्या केबिनमध्ये बसायचा, आणि त्याच्यापुढे कॅलेंडरच्या पानावरचं पोट आणि डोकं ठेवायला मला लाज वाटली. बाकीच्या ओळींपुढे इंग्रजी नावं होती, ती टाइप केली. पोटापुढे नुसतं वजन होतं. कॉम्प्युटरच्या भागाचं वजन टाइप करायचं म्हणजे दुकानदार मला भाजीवाला समजणार. शिवाय त्याने आधीच सांगून ठेवलेलं होतं की कॅबिनेटबरोबर पॉवर सप्लाय येतोच, वेगळा लिहायचं कारण नाही. मी ती ओळ गाळली. गाळताना हात थांबला, हे मला आठवतं. थांबला आणि पुढच्या ओळीवर गेला. आठ कॅबिनेटं आली, प्रत्येकात फुकटचा डबा आला, आणि मी एकही हातात धरून बघितला नाही.

मे महिन्यात उद्घाटन ठेवलं, शर्यतीच्या स्पर्धेने. दुपारची वेळ, ठाकुर्लीत दिवे मंद झालेले, पंखा गरम हवा फिरवतोय. आठ मुलं आठ मशीनवर, मागे त्यांचे काही आईवडील, आणि ताई. ताईंना मीच बोलावलं होतं. त्या मोरपंखी साडी नेसून आल्या होत्या आणि दाराशी उभं राहून त्यांनी पाटी वाचली, एकदा नव्हे, दोनदा. नाक्यावरच्या गाळ्याच्या मालकाला पुढच्या आठवड्यात घेऊन येते म्हणाल्या.

शर्यत सुरू झाली आणि तिसऱ्या मिनिटाला तिसऱ्या मशीनचा पडदा काळा झाला. ते आपोआप पहिल्यापासून सुरू व्हायला लागलं. मग पाचवं. मग पहिलं. मुलं ओरडायला लागली. मेव्हण्याने सगळी मशीनं बंद करून पुन्हा लावली आणि पुन्हा तेच. चौथ्या वेळी कोपऱ्यातल्या मशीनमधून फट् असा आवाज आला, धूर निघाला आणि जळक्या वासाने गाळा भरला. एका आईने आपल्या मुलाला ओढून बाहेर नेलं. कोणीतरी म्हणालं, "पोरांना मारायचा धंदा काढलाय काय?"

मेव्हण्याने पाटीकडे बोट दाखवलं. "आम्हाला काय विचारता? भाग यांनी निवडलेत. नाव वाचा, वरच लिहिलंय." आणि मग, जरा हळू पण सगळ्यांना ऐकू जाईल असं, "असल्या लोकांना विचारलं की असंच होणार."

ताईंनी त्याच्याकडे पाहिलंही नाही. त्यांनी पर्समधून स्क्रूड्रायव्हर काढला. समारंभाला येतानाही त्या तो घेऊन आल्या होत्या. जळलेलं मशीन उघडलं, आतला डबा काढला, तळहातावर धरला आणि एवढंच म्हणाल्या, "हे माझं नाही." मग माझ्याकडे वळून, "माझा कागद कुठाय?"

कागद माझ्या ऑफिसच्या खणात होता. मी म्हणालो, "घरी असेल ताई."

गल्ल्याच्या टेबलावर माझा टाइप केलेला कागद पडलेला होता. तो त्यांनी उचलला. अठरा वर्षं भागांवरची इंग्रजी अक्षरं वाचलेली बाई ती, सगळा कागद वरपासून खालपर्यंत वाचायला तिला अर्धं मिनिट लागलं. वाचून कागद होता तिथे ठेवला. आणि मग त्या माझ्याकडे बघत उभ्या राहिल्या. मेव्हणा बडबडत होता, आईबाप बडबडत होते, आणि त्या काही न बोलता उभ्या होत्या. एक वाक्य बोलायचं होतं मला. पोटाची ओळ मी गाळली, एवढंच. जीभ टाळूला चिकटली असं म्हणतात, ते खोटं आहे. जीभ अगदी मोकळी होती. मी म्हणालो, "जाऊ द्या ना ताई, आता वाद नको."

ताईंनी एक स्टूल ओढलं, त्यावर चढल्या आणि त्याच स्क्रूड्रायव्हरने पाटीचे चार स्क्रू सोडवले. स्क्रू टेबलावर ठेवले, पाटी काखेत घेतली. "हे नाव माझं आहे. मी नेते," म्हणाल्या आणि चपला घालून निघून गेल्या. स्टूल कोणी धरलंसुद्धा नाही.

नंतर काय झालं ते थोडक्यात सांगतो, कारण सांगताना मला अजून त्रास होतो. दुकानदाराने डबे बदलून दिले, जड डबे, आणि मशीनं मस्त चालली. मेव्हण्याने दोन सुट्ट्यांत पैसे कमावले. जळलेल्या मशीनची गोष्ट मात्र त्या बाईच्या नावाने कल्याणपासून ठाण्यापर्यंत पोचली. दुकानदार ती गिऱ्हाइकांना हसत सांगायचा, तराजूचा किस्सा घालून. वसाहतीतली माणसं ताईंकडे यायची थांबली. नाक्यावरचा गाळा एका झेरॉक्सवाल्याला गेला. ताई पुन्हा दुसऱ्याच्या गेटच्या आत गेल्या, एका औषधाच्या कंपनीत, बाटल्यांना लेबलं लावायला. वजन छापता येत नाही म्हणणाऱ्या बाईला लेबलांचं काम. नशीब वगैरे मी मानत नाही. हे नशिबाने केलेलं नाही, आम्ही केलेलं आहे.

सहा-सात महिन्यांनी मी पार्लरमधून अंग काढून घेतलं आणि एका रविवारी वर्तकनगरला गेलो. ताईंनी दार उघडलं, आत घेतलं, चहा दिला. फळी पलंगावरून उचलून भिंतीशी उभी केलेली होती. मी सगळं पाठ करून आलो होतो, ते म्हटलं. ओळ मी गाळली, लाज वाटली म्हणून गाळली, आणि त्या दिवशी गप्प बसलो. माझे डोळे भरून आले होते. मला वाटत होतं, आता त्या चिडतील किंवा रडतील किंवा जाऊ दे म्हणतील.

त्या म्हणाल्या, "हे मला काय सांगतोस? मला माहितीच होतं. मी तो कागद वाचला नव्हता का?"

मी म्हणालो, "मग तुम्ही तिथेच का नाही बोललात?"

तेव्हा पहिल्यांदा त्यांचा आवाज चढला. "मी बोलून कोण ऐकणार होतं? तू बोलतोस का ते बघत उभी होते. माझ्या घरी येऊन, दार लावून, मला खरं सांगतोयस. मला खऱ्याचं काय करायचंय? ज्यांच्यासमोर गप्प बसलास, त्यांना जाऊन सांग."

मी चहा संपवला. त्यांनी कप उचलला आणि विसळायला घेतला. जाताना येतो म्हणालो, त्या ये म्हणाल्या नाहीत. पुन्हा भेट झाली नाही. मी दोनदा पत्र टाकलं, उत्तर आलं नाही. काही वर्षांनी त्या फिटरकडूनच कळलं की ताई गेल्या. कधी, कशाने, त्यालाही नीट ठाऊक नव्हतं. त्या दिवशी मी घरात एवढा आरडाओरडा केला की बायकोने शेजाऱ्यांची माफी मागितली. कोणावर ओरडत होतो ते तिला कळलं नाही. ज्या भिंतीकडे तोंड करून ओरडत होतो, तिच्यावर आरसा असता तर कळलं असतं.

त्या दुपारी गाळ्यात ताई आणि मी सोडून पंधरा माणसं होती. आठ मुलं, सहा आईबाप आणि मेव्हणा. मेव्हण्याला पहिल्यांदा सांगितलं, त्याच्याच मुलीच्या बारशाला, भर पंगतीत. तेव्हापासून तो माझ्याशी बोलत नाही, ही त्यातली एकमेव आनंदाची गोष्ट. मग एकेकाला शोधत गेलो. मुलं आता बाप्ये झालीत. एक कल्याणच्या बँकेत भेटला, त्याच्या काउंटरपुढे उभं राहून सांगितलं, मागची रांग ओरडत होती. एकीच्या दारात सांगितलं, तिने मला देणगीवाला समजून आधी दार लावलं होतं. बहुतेकांना काही आठवत नाही. वेडा म्हातारा म्हणून ऐकून घेतात.

गेल्या महिन्यात डोंबिवलीत एका लग्नात त्यातले एक वडील भेटले. त्यांना मात्र सगळं आठवत होतं. "ती तराजूवाली बाई ना? तिनेच तुमची मशीनं जाळली." मी ताट खाली ठेवलं आणि म्हणालो, "मशीनं मी जाळली. बाईंची यादी बरोबर होती. त्यातली एक ओळ मी काढली आणि त्या बाईंना तुमच्यासमोर खोटं पाडलं." त्यांनी इकडेतिकडे पाहिलं. "सोडा हो, पंचवीस वर्षं झाली. ती बाई तरी आहे का आता?"

"नाही," मी म्हणालो.

"मग?"

त्यांचं कोपर मी धरून ठेवलं आणि सगळं पहिल्यापासून सांगितलं, विमल कांबळे हे नाव तीनदा घेऊन. त्यांचा मठ्ठा गरम झाला, मागे वधूवर फोटोसाठी खोळंबले, मी हललो नाही. अजून तिघे राहिलेत. एक अमेरिकेत आहे म्हणतात, त्याचा फोन नंबर मिळवतोय.